आडात आहे, पण पोहऱ्यात का नाही?

‘सर्व्हर डाउन आहे’ हे तीन शब्दांचे वाक्य ज्याच्या कानावर कधी पडले नाही, असा बँकेचा ग्राहक आज विरळाच. खिडकीतून हे वाक्य ऐकू आले की रांगेतील माणसे एकमेकांकडे पाहतात, कोणी घड्याळ पाहतो, कोणी वर्तमानपत्र उघडतो. या वाक्यामागे नेमके काय घडलेले असते, हे मात्र ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. कधी दूरसंचाराची तार तुटलेली असते, कधी वीज गेलेली असते, तर कधी एखादी डिस्क निकामी झालेली असते. ही कारणे समजण्यास सोपी आहेत. परंतु एक कारण असे आहे की ज्यात काहीही तुटलेले नसते, काहीही संपलेले नसते आणि तरीही काम थांबते. यंत्रात स्मृती, म्हणजे मेमरी, भरपूर शिल्लक असते आणि ग्राहकांच्या खात्यांचा डेटाबेस मात्र ‘स्मृती अपुरी आहे’ असे सांगून हात वर करतो.

‘आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ अशी म्हण आपल्या भाषेत आहे. या लेखाचा विषय त्याच्या नेमका उलट आहे. आडात पाणी आहे, पण पोहरा रिकामा वर येतो. असे का होते, ते कसे ओळखावे आणि त्यावर कोणता उपाय योग्य, याचा विचार आपण एका जुन्या अनुभवाच्या आधारे करू.

हिंदूरावांच्या टेकडीवर

दिल्लीच्या उत्तरेकडील रिजवर, म्हणजे खडकाळ टेकडीवर, महानगरपालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला हे नाव ऐकून आश्चर्य वाटते आणि ते साहजिकच आहे, कारण हे नाव आपल्याच मातीतले आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास या टेकडीवर एक भव्य वाडा बांधला होता. मार्च १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि त्यानंतर तो वाडा हिंदूरावांनी घेतला. १८५५ मध्ये हिंदूरावांचे निधन झाले, परंतु त्यांचे नाव त्या जागेला कायमचे चिकटले. १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजी फौजेचे एक महत्त्वाचे ठाणे याच वाड्यात होते. आज तेथील बसचालकापासून रुग्णापर्यंत सर्वांच्या तोंडी ‘हिंदूराव’ हेच नाव असते.

रुग्णालयाच्या परिसरात एक जुनी बावडी आहे, आपल्या भाषेत बारव. ती चौदाव्या शतकातील, फिरोजशाह तुघलकाच्या काळातील मानली जाते. या बारवेकडे आपण लेखाच्या शेवटी पुन्हा वळू.

सोमवारची सकाळ

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील ही गोष्ट आहे. त्या वेळी बँकांच्या अनेक शाखांत खात्यांची माहिती शाखेतल्याच सर्व्हरवर ठेवली जात असे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी १९८४ व १९८९ मध्ये आपले अहवाल दिले आणि भारतातील बँकांच्या संगणकीकरणाला दिशा मिळाली. त्या संगणकीकरणात युनिक्स या कार्यप्रणालीला मोठे स्थान होते. प्रस्तुत लेखक तेव्हा अशाच सर्व्हरांच्या देखभालीचे काम दिल्लीत करीत असे. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतील एका शाखेतून एका सोमवारी सकाळी दूरध्वनी आला.

महिन्याचा पहिला आठवडा होता. निवृत्तिवेतन घेण्यासाठी वृद्ध ग्राहकांची मोठी रांग लागली होती. दहा वाजता काम सुरळीत सुरू झाले होते. अकराच्या सुमारास एकेका खिडकीवरील पडदा गोठू लागला. ज्यांचे काम आधी सुरू झाले होते, त्यांचे चालू राहिले. नव्याने जोडणी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मात्र ‘स्मृती उपलब्ध नाही’ असा संदेश मिळू लागला. सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा अर्धा तास बरा गेला आणि पुन्हा तेच.

मी पोहोचलो तेव्हा रांगेत पुढे एक वृद्ध परिचारिका उभ्या होत्या. बरीच वर्षे रुग्णसेवा करून त्या निवृत्त झाल्या होत्या. मी संगणकाचा माणूस आहे हे कळताच त्यांनी शांतपणे विचारले, “बेटा, पैसा मेरा है, खाता मेरा है, फिर रुका कहाँ?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आत जाऊन पाहिले तो यंत्रात दोन गिगाबाइट स्मृती होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक मोकळी होती. यंत्राचा प्रश्नही त्या वृद्धेच्या प्रश्नासारखाच होता. स्मृती आहे, यंत्र आपले आहे, मग अडले कोठे?

शाखाधिकारी अनुभवी होते. आदल्या कामकाजाच्या दिवसाअखेरची शिल्लक रकमांची छापील यादी त्यांनी कपाटातून काढली आणि तिच्या आधारे, स्वतःच्या स्वाक्षरीने, ठरावीक रकमेपर्यंत निवृत्तिवेतनाचे पैसे देण्यास सुरुवात केली. त्यामुळे मला शोध घेण्यास वेळ मिळाला.

मर्यादा चार ठिकाणी असते

बँकेच्या ग्राहकाला ही अडचण एका उदाहरणाने चटकन समजेल. समजा, आपल्या खात्यात दोन लाख रुपये आहेत आणि एटीएमची दिवसाची मर्यादा पन्नास हजारांची आहे. साठ हजारांची मागणी केली तर यंत्र नकार देईल. पैसे नाहीत म्हणून नव्हे, तर तेवढी उचल करण्याची परवानगी नाही म्हणून. युनिक्सवर चालणाऱ्या डेटाबेसलाही अशा परवानग्यांमधून जावे लागते आणि त्या चार निरनिराळ्या पातळ्यांवर असतात.

पहिली मर्यादा यंत्राची. प्रत्यक्ष स्मृती आणि तिला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली ‘स्वॅप’ची जागा, यांची बेरीज ही शेवटची सीमा होय. ती ओलांडता येत नाही.

दुसरी मर्यादा प्रत्येक प्रक्रियेची. युनिक्समध्ये चालणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला किती स्मृती घेता येईल, किती फाइली उघडता येतील, हे ठरवून दिलेले असते. हे आकडे ‘युलिमिट’ या आज्ञेने पाहता येतात. त्यांतही दोन पायऱ्या आहेत, मृदू मर्यादा आणि कठोर मर्यादा. कॅश क्रेडिट खाते वापरणाऱ्या व्यापाऱ्याला हा भेद सांगावा लागणार नाही. ड्रॉइंग पॉवर कमीअधिक होते, पण ती मंजूर मर्यादेच्या वर जात नाही आणि मंजूर मर्यादा वाढवण्याचा अधिकार वरिष्ठांचाच असतो. तसेच येथे मृदू मर्यादा वापरकर्ता कठोर मर्यादेपर्यंत वाढवू शकतो. कठोर मर्यादा वाढवण्याचा अधिकार मात्र ‘रूट’ या मुख्य प्रशासकाकडेच असतो. काही कार्यप्रणालींत या मर्यादा मुळातच बेताच्या असतात. उदाहरणार्थ, एआयएक्स या युनिक्स प्रणालीत एका प्रक्रियेच्या विदेसाठीची प्रारंभिक मर्यादा १२८ मेगाबाइट ठेवलेली असते.

तिसरी मर्यादा सामाईक स्मृतीची. अनेक प्रक्रियांनी मिळून वापरावयाचा स्मृतीचा भाग डेटाबेस मागून घेतो. तो भाग किती मोठा असावा, हे युनिक्सच्या गाभ्यातील ‘शममॅक्स’ हा आकडा ठरवतो. लिनक्समध्ये हा आकडा दीर्घकाळ अवघा ३२ मेगाबाइट होता. २०१३ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने आपल्या ९.३ या आवृत्तीत स्मृती मागण्याची पद्धतच बदलली आणि २०१४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही ही मर्यादा जवळजवळ उठवण्यात आली. तोपर्यंत कित्येक प्रशासकांचा पहिला दिवस हा आकडा शोधण्यातच जात असे.

चौथी मर्यादा पत्त्यांची. ३२ बिटांच्या प्रक्रियेला स्मृतीतील ४,२९,४९,६७,२९६ स्थानांचेच, म्हणजे ४ गिगाबाइटचेच पत्ते लिहिता येतात. यंत्रात १६ गिगाबाइट स्मृती बसवली, तरी अशी एक प्रक्रिया ४ गिगाबाइटच्या पलीकडे पाहू शकत नाही. ६४ बिटांची यंत्रे व प्रणाली रूढ झाल्यावर ही अडचण व्यवहारात संपली.

दोष सापडला तो असा

पुरवठादाराच्या माणसाने दूरध्वनीवरून पहिलाच सल्ला दिला तो अधिक स्मृती विकत घेण्याचा. अशा वेळी हा सल्ला नेहमीच मिळतो, आणि तो मानला असता तर शाखेचे पैसे व्यर्थ गेले असते. कारण मोकळ्या स्मृतीचा आकडा समोर दिसत होता. पहिली मर्यादा दोषी नव्हती.

पुढची पायरी म्हणजे संदेश अक्षरशः वाचणे. युनिक्समध्ये प्रत्येक नकाराला क्रमांक असतो. आमच्या नोंदवहीत १२ हा क्रमांक होता. त्याचा अर्थ, मागितलेली स्मृती देता येत नाही. २८ हा क्रमांक असता तर त्याचा शब्दशः अर्थ ‘उपकरणावर जागा उरली नाही’ असा होतो आणि नवखा माणूस डिस्क रिकामी करण्याच्या मागे लागतो. परंतु सामाईक स्मृती मागताना हाच क्रमांक आला, तर डिस्कचा काही संबंध नसतो. गाभ्याने ठरवून दिलेले सामाईक भाग संपलेले असतात. आजारी माणसाने ‘पोटात दुखते’ म्हटले तरी वैद्याला नेमके कोठे ते विचारावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

मग मी ‘युलिमिट’ ही आज्ञा दिली. उत्तर आले, ‘अमर्याद’. येथे माझी चूक झाली. मी दुसरी मर्यादाही निर्दोष ठरवून तिसरीच्या मागे लागलो आणि एक तास घालवला. वस्तुतः ती आज्ञा माझ्या स्वतःच्या सत्राची मर्यादा दाखवीत होती; चालू असलेल्या डेटाबेसची नव्हे. स्वतःचे पासबुक पाहून शेजाऱ्याच्या खात्याबद्दल निर्वाळा देण्यासारखेच ते होते.

उकल झाली ती एका साध्या प्रश्नाने. “शनिवारपर्यंत ठीक होते, मग मध्ये काय बदलले?” कर्मचाऱ्यांनी माना हलवल्या, कोणी काही बदलले नव्हते. दारावरील सुरक्षारक्षक मात्र म्हणाले की रविवारी रात्री वीज बराच वेळ गेली होती आणि बॅटऱ्याही उतरल्या होत्या. म्हणजे सर्व्हर बंद पडून वीज आल्यावर आपोआप सुरू झाला होता. सोमवारी तो पुन्हा सुरू केला, तोही त्याच आपोआपच्या मार्गाने.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रक्रिया ही दुसऱ्या प्रक्रियेपासून जन्म घेते आणि जन्मदात्याच्या मर्यादा वारशाने घेऊन येते. यापूर्वी कित्येक महिने डेटाबेस सुरू करणारा अभियंता स्वतः लॉगिन करून, आपल्या सत्रात मर्यादा वाढवून, मग डेटाबेस सुरू करीत असे. त्यामुळे डेटाबेसला वाढीव मर्यादा मिळत होती. आता यंत्राने स्वतः सुरू केलेल्या डेटाबेसला प्रणालीची मूळ १२८ मेगाबाइटची मर्यादा मिळाली. डेटाबेसची मूळ गरज सुमारे ४० मेगाबाइट होती आणि प्रत्येक जोडणीमागे सुमारे ४ मेगाबाइट लागत. बावीस जोडण्यांना ८८ आणि मूळचे ४०, मिळून १२८. तेविसाव्या जोडणीला नकार ठरलेला. दहा वाजता थोडी टेबले चालू होती म्हणून सर्व ठीक होते; अकरा वाजता सर्व खिडक्या, अधिकाऱ्यांची टेबले आणि अहवालांची कामे एकदम सुरू झाली आणि तेविसावी जोडणी आली. सकाळचे कोडे या साध्या बेरजेने सुटले.

डेटाबेस योग्य मर्यादेसह पुन्हा सुरू करण्यास दहा मिनिटे पुरली. परंतु काम तेथे संपत नाही. ती मर्यादा यंत्र आपोआप सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या आज्ञापत्रातच लिहिली, सर्व्हर मुद्दाम एकदा बंद करून सुरू करून पाहिला आणि मर्यादा किती, का ठेवली, कोणी ठेवली, हे शाखेच्या नोंदवहीत दिनांकासह लिहिले. आधीच्या अभियंत्याने काहीच चुकीचे केले नव्हते. फक्त त्याचे ज्ञान त्याच्या हातात राहिले होते, कागदावर उतरले नव्हते.

मग मर्यादाच काढून टाकली तर?

हा प्रश्न अनेकांना सुचतो. एवढा मनस्ताप ज्या मर्यादेमुळे होतो, ती अमर्याद करून टाकावी म्हणजे झाले! परंतु बँकेच्या ग्राहकाला याचे उत्तर आपोआप सुचेल. उचल करण्याची मर्यादा ही खातेदाराच्या विरुद्ध नसते. एटीएम कार्ड चोरीस गेले, तर तीच मर्यादा त्याच्या उरलेल्या पैशांचे रक्षण करते. एखाद्या कार्यक्रमात दोष असला आणि तो घेतलेली स्मृती परतच करीनासा झाला, तर मर्यादेमुळे तो एकटाच थांबतो. मर्यादा नसेल तर तो सर्व यंत्राला घेऊन बुडतो.

लिनक्समध्ये याचे एक बोलके उदाहरण आहे. ही प्रणाली कार्यक्रमांना स्मृतीचे आश्वासन देताना सढळ असते. प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक स्मृती ती देऊ करते. सर्वच जण आश्वासनाचा पूर्ण वापर एकाच वेळी करणार नाहीत, हा तिचा हिशेब. बँकाही सर्व ठेवी तिजोरीत ठेवीत नाहीत, कारण सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागत नाहीत. परंतु सर्वांनी एकाच दिवशी मागितले तर? लिनक्समध्ये अशा वेळी ‘ओओएम किलर’ नावाची यंत्रणा जागी होते आणि एक प्रक्रिया निवडून ती बंद पाडते. निवड बहुधा सर्वांत अधिक स्मृती वापरणाऱ्या प्रक्रियेची होते आणि डेटाबेसच्या सर्व्हरवर ती प्रक्रिया सहसा डेटाबेसचीच असते. म्हणूनच डेटाबेसच्या यंत्रावर आश्वासनांना आळा घालण्याची सोय प्रशासक वापरतात. ऐन गर्दीत प्राण गमावण्यापेक्षा आधीच मिळालेला स्पष्ट नकार पत्करतो, हा त्यामागील विचार.

चंद्रावर आणि मंगळावर

स्मृतीच्या मर्यादेने थोरामोठ्यांनाही सोडलेले नाही. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने ‘१२०२’ हा इशारा वारंवार दिला. रडारमुळे आलेल्या जादा कामांनी, कामांसाठी राखलेल्या स्मृतीच्या जागा भरून गेल्या होत्या. परंतु तो संगणक अशा वेळी स्वतःला पुन्हा सुरू करून, कमी महत्त्वाची कामे सोडून, महत्त्वाची कामे पुढे नेईल असा घडवलेला होता. त्यामुळे यान सुखरूप उतरले.

४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘स्पिरिट’ या वाहनाचा संपर्क २१ जानेवारीला बिघडला. त्याच्या साठवणीत फाइलींची संख्या इतकी वाढली होती की त्यांची सूची मांडण्यासाठी लागणारी स्मृती अपुरी पडली आणि संगणक पुन्हापुन्हा सुरू होत राहिला. अभियंत्यांनी ती साठवण बाजूला ठेवून संगणक सुरू करण्याची आज्ञा पाठवली, अनावश्यक फाइली काढल्या आणि वाहन पुन्हा कामाला लागले.

आमच्या शाखेच्या अनुभवाला सर्वांत जवळची घटना मात्र २५ नोव्हेंबर २०२० ची आहे. अॅमेझॉनच्या ‘किनेसिस’ या सेवेत क्षमता वाढवण्यासाठी नवे सर्व्हर जोडले गेले. तेथील प्रत्येक सर्व्हर इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक स्वतंत्र धागा, म्हणजे थ्रेड, राखून ठेवीत असे. सर्व्हर वाढले तसे धागे वाढले आणि कार्यप्रणालीने ठरवलेली मर्यादा सर्वच सर्व्हरांनी ओलांडली. अधिक यंत्रे आणल्यानेच सेवा कोलमडली! मर्यादा कोठे आहे हे न पाहता सामग्री वाढवणे, हा उपाय नव्हे, हे यातून पुन्हा सिद्ध झाले.

आजचे चित्र

आज शाखेतील तो सर्व्हर राहिलेला नाही. कोअर बँकिंगमुळे खाती मध्यवर्ती केंद्रात गेली, यंत्रे ६४ बिटांची झाली आणि स्मृती शेकडो गिगाबाइटमध्ये मोजली जाऊ लागली. तथापि मर्यादा संपलेल्या नाहीत. आता एकाच यंत्रावर अनेक ‘कंटेनर’ चालवतात आणि प्रत्येकाला स्मृतीचा ठरावीक वाटा देतात. आत चालणाऱ्या डेटाबेसला संपूर्ण यंत्राची स्मृती दिसते, पण परवानगी फक्त आपल्या वाट्याची असते. कोडे तेच, फक्त आकडे मोठे.

म्हणून शोधाचा क्रमही तोच आहे. संदेश अक्षरशः वाचावा. प्रत्यक्ष मोकळी स्मृती पाहावी. मर्यादा आपल्या सत्राची नव्हे, तर चालू प्रक्रियेची तपासावी. लिनक्समध्ये ती प्रत्येक प्रक्रियेच्या नोंदीत आता सरळ वाचता येते. एका जोडणीला लागणारी स्मृती आणि जोडण्यांची कमाल संख्या यांचा गुणाकार कागदावर मांडावा. एका वेळी एकच बदल करावा. आणि बदल लिहून ठेवावा.

त्या सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास शाखेचे काम पूर्ववत झाले. वृद्ध परिचारिकाबाईंना पैसे केव्हाच मिळाले होते, पण पासबुकावर नोंद करून घेण्यासाठी त्या थांबल्या होत्या. “मिला क्या, कहाँ रुका था?” त्यांनी विचारले. मी सांगितले की यंत्रात जागा होती, ती घेण्याची परवानगी कोठे लिहिलेली नव्हती. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या की वॉर्डात आम्हीही हेच शिकलो, औषध कपाटात असून चालत नाही, ते कागदावर लिहिलेले असावे लागते.

परतताना मी रुग्णालयाच्या परिसरातील ती बारव पाहिली. तिच्या पडझड झालेल्या भिंतींतून खाली उतरत जाणारे बांधकाम अजून ओळखू येते. बांधणाऱ्यांनी पाण्यापर्यंत पायऱ्या नेल्या होत्या, कारण पाणी आहे एवढे पुरत नाही, तेथवर पोहोचण्याची सोयही करावी लागते. पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाउन आहे’ असे कानावर आले, तर खिडकीमागचा माणूस बहुधा हीच सोय शोधत असेल, एवढे ग्राहकांनी ध्यानात घ्यावे. आणि खिडकीमागच्या आम्ही सर्वांनी नोंदवही जवळ ठेवावी.